परिषदेला जाण्याआधी एका फाइलवर अडकून या

प्रश्न थोडक्यात असा: "मी फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर सुरक्षेची नलकॉन परिषद आपल्या गोव्यातच होते, तिथे भाषणं आणि हॅकिंगच्या स्पर्धा असतात, असं कळलं. आम्हा चौघी मैत्रिणींना जायचंय. पण आम्हाला लिनक्सच्या चार कमांड येतात, तेवढंच. तिथे काही कळेल का? स्पर्धेत उतरायला आधी काय यायला हवं? आणि बाबा म्हणतात हॅकिंग म्हणजे पोलीस केस. त्यांना काय सांगू?"

जा. नक्की जा. फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका. जाण्याआधी महिनाभर चौघींनी मिळून एखाद्या प्रश्नावर मनसोक्त अडकून बघा. सुटला तर उत्तम, नाही सुटला तर त्याहून उत्तम, कारण मग तिथल्या माणसांशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल. गेली चौदा वर्षं मी कंपन्यांच्या सिस्टिममधली भोकं त्यांच्याच परवानगीने शोधून देतो. एवढ्या वर्षांत परिषदेत बसून ऐकलेल्या भाषणांतलं मला आज फार थोडं आठवतं. पॅसेजमध्ये उभं राहून एका अनोळखी माणसाने माझ्या अडलेल्या प्रश्नावर विचारलेला एक उलटप्रश्न मात्र जसाच्या तसा आठवतो.

मी डिचोलीचा. पहिल्यांदा गेलो ते २०१२ला, तेव्हा परिषदेचं नाव 'तृतीया' होतं. पहिली २०१०ची, मग द्वितीया, मग तृतीया, अशी नावं ठेवायची पद्धत होती. ही परिषद 'नल' नावाच्या समुदायातून उभी राहिली. पुणे, मुंबई, बंगळुरूसारख्या शहरांत नलच्या मोफत बैठका होतात. कोणीही उठून आपण शिकलेलं सांगावं, अशी तिथली रीत. प्रत्यक्ष हात चालवून हल्ला शिकायच्या सत्राला ते 'हमला' म्हणतात आणि बचाव शिकायच्या सत्राला 'बचाव'. २०२२पासून तीच परिषद बर्लिनलाही भरते. गोव्यात ती बांबोळीच्या मोठ्या हॉटेलात भरलेली मी पाहिली आहे आणि झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या आवारातही. तिथे असेल तर तुम्हाला सोपंच आहे. फोंड्याहून बोरीच्या पुलावरून निघायचं आणि बिर्लाच्या थांब्यावर उतरायचं.

आधी काही दिवस पैसे भरून घ्यायची प्रशिक्षणं असतात, मग दोन दिवस मुख्य परिषद. प्रशिक्षणांच्या फीकडे बघून घाबरू नका, ती बहुतेकदा कंपन्या आपल्या नोकरांसाठी भरतात. तुम्हाला मुख्य परिषदेचा पास पुरे. तिकीट काढण्याआधी विद्यार्थ्यांची सवलत आणि स्वयंसेवकांची भरती, दोन्ही बघा. स्वयंसेवक होऊन गेलात तर भाषणं निम्मी बुडतात, पण वक्त्यांना पाणी नेऊन देता देता ओळखी होतात. तुमच्या वयात हा सौदा वाईट नाही.

भाषणं कळतील का? पहिल्या वर्षी दहातली तीन कळली तरी खूप झालं. अशा परिषदेतली भाषणं विषय मागवून, छाननी करून निवडलेली असतात. कोणी गाडीच्या चावीचा रेडिओ सिग्नल कसा पकडला ते दाखवतं, कोणी ब्राउझरमधली चूक सापडल्यापासून ती दुरुस्त होईपर्यंतचा सगळा प्रवास सांगतं. न कळलेल्या शब्दांची वहीत यादी करा आणि पुढे सरका. एकाच वेळी दोन दालनांत भाषणं असली की धावाधाव करू नका. बरीचशी नंतर ध्वनिचित्रफितीच्या रूपात बघता येतात. माणसं मात्र त्या दोनच दिवशी भेटतात.

आता स्पर्धा, कारण खरी गंमत तिथेच आहे.

या स्पर्धांना सीटीएफ म्हणतात, कॅप्चर द फ्लॅग. लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत १९९६ साली हा खेळ सुरू झाला आणि तिथून जगभर पसरला. दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक संघाला आपापला सर्व्हर सांभाळत दुसऱ्यांच्या सर्व्हरवर चाल करायची असते. तो अनुभवी लोकांचा खेळ, तूर्त सोडून द्या. दुसऱ्यात प्रश्नांचा फळा असतो: वेब, क्रिप्टो (गुप्तलेखन), फोरेन्सिक्स (मागे उरलेल्या खुणांवरून छडा), रिव्हर्सिंग (तयार प्रोग्राम उलटा उकलणं) वगैरे. प्रत्येक प्रश्नात कुठेतरी एक ओळ दडवलेली असते, तोच फ्लॅग. ती ओळ फळ्यावर टाकली की गुण. अनेक स्पर्धांत जितके जास्त संघ प्रश्न सोडवतील तितके त्याचे गुण उतरत जातात, म्हणजे सोपा प्रश्न कुठला हे फळाच तुम्हाला सांगत असतो. नलकॉनची हॅकआयएम ही स्पर्धा ऑनलाइन होते, घरी बसून खेळता येते. स्त्रियांना या क्षेत्रात आणण्यासाठी सुरू झालेली विंजा नावाची स्पर्धाही तिथे असते. तुम्ही चौघी आहात, संघ तयारच आहे.

नुसत्या वर्णनाने काही हाती लागत नाही, म्हणून एक प्रश्न उलगडून दाखवतो. सरावासाठी मी मुलांना देतो तो.

एक पीकॅप फाइल, चाळीस एमबीची. पीकॅप म्हणजे नेटवर्कवरून गेलेल्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याची, नोंद. सोबत एकच वाक्य: "ऑफिसमधून काहीतरी बाहेर गेलं, काय गेलं?" नवखा माणूस ती फाइल वायरशार्क या पॅकेटं वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडतो आणि वरून खाली वाचायला लागतो. हजारो ओळी असतात, दहा मिनिटांत डोळे फिरतात. तसं करायचं नाही. वायरशार्कच्या स्टॅटिस्टिक्स मेनूत प्रोटोकॉल हायरार्की नावाचा तक्ता आहे, तो आधी उघडा. कुठल्या प्रकारची किती वाहतूक झाली ते एका नजरेत दिसतं. बहुतेक सगळी एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद. तिच्यावर डोकं आपटण्यात अर्थ नाही. पण डीएनएसचा आकडा बघा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता विचारणं. एरवी चिमूटभर असते ती, इथे मूठभर आहे.

मग गाळणी लावून फक्त डीएनएस बघायचं. एकाच डोमेनबद्दल (डोमेन म्हणजे साइटचं नाव) शेकडो चौकश्या, आणि प्रत्येक चौकशीत त्या डोमेनच्या आधी साठ अक्षरांचं अर्थहीन नाव. डीएनएसच्या नावात दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. म्हणजे कोणीतरी चोरलेला माल तुकडे करून या नावांत भरलाय आणि जागा पुरेपूर वापरली आहे. आता ती अक्षरं नीट न्याहाळा. ए ते झेड आहेत, २ ते ७ आहेत. ०, १, ८, ९ एकदाही नाहीत. इथे माझ्या समोरची मुलं बहुतेकदा लगेच बेस ६४ म्हणतात, कारण फाइल साध्या अक्षरांत लिहायची तेवढीच पद्धत ऐकलेली असते. पण बेस ६४मध्ये लहान लिपी आणि मोठी लिपी वेगळी धरतात. डीएनएसला त्या दोहोंत फरक नाही, वाटेत लहानाचं मोठं झालं तर माल नासला. म्हणून चोराने बेस ३२ वापरलं, ज्यात नेमकी ए ते झेड आणि २ ते ७ एवढीच बत्तीस चिन्हं असतात.

तुकडे जोडले, उलगडले. पहिली दोन अक्षरं आली 'पीके'. झिप फाइलची सुरुवात नेहमी या दोन अक्षरांनी होते, झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरं. पोरं आनंदाने ओरडतात. आणि झिप उघडतच नाही. फाइल खराब असल्याचा संदेश येतो.

घोडं पेंड खातं ते इथे. मी याच जागी त्यांना सोडून चहाला जातो आणि तासाभराने परत येतो. कोणी दुसरं टूल उतरवून घेत असतं, कोणी प्रश्नच चुकीचा आहे म्हणतं. एखादी मुलगी मात्र कागदावर पहिल्या दहा ओळी हाताने लिहून काढते आणि तिच्या लक्षात येतं की प्रत्येक तुकडा चार वेळा आलाय. का? कारण कॉम्प्युटर एक नाव दोनदा विचारतो, एकदा जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यासाठी आणि एकदा नव्या. आणि उत्तर देताना सर्व्हर प्रश्न पुन्हा उद्धृत करतो. दोन प्रश्न, दोन उत्तरं, झाले चार. मग ती पुनरावृत्ती काढायला ओळी अक्षरक्रमाने लावणारी सॉर्ट कमांड चालवते आणि तुकड्यांचा क्रमच विस्कटतो, फाइल आणखी बिघडते. मग कळतं की क्रम न मोडता फक्त पहिल्या प्रकारच्या चौकश्या ठेवायच्या, उत्तरं आणि दुसरा प्रकार गाळायचा. तरी एक खोच उरतेच. तुकडा साठ अक्षरांचा आणि दर अक्षरात पाच बिट, म्हणजे तीनशे बिट. बाइट असतो आठ बिटांचा, आणि तीनशेला आठाने पूर्ण भाग जात नाही. एकेक तुकडा वेगळा उलगडलात तर सांध्यावर अर्धा बाइट सांडतो. आधी सगळे जोडायचे, मग एकदाच उलगडायचं. झिप उघडते, आत एक कागदपत्र, त्यात फ्लॅग.

हा प्रश्न मी हौसेने रचलेला नाही. डीएनएसमधून माल पळवणं ही खरीखुरी पद्धत आहे, कारण बाकी सगळे दरवाजे बंद करणाऱ्या कंपन्यासुद्धा डीएनएसची खिडकी उघडी ठेवतात, नाहीतर इंटरनेटच चालत नाही. त्या एका तासात मुलांना डीएनएस जितकं समजतं तितकं सहा महिन्यांच्या वर्गात समजत नाही. पुस्तकात 'ए' (जुना पत्ता) आणि 'डबल ए डबल ए' (नवा पत्ता) नोंदींचा तक्ता त्या मुलीने वाचलेला असतो, परीक्षेत लिहिलेलाही असतो. चार वेळा आलेला तुकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यावर तो तक्ता तिचा होतो.

म्हणून "आधी काय काय यायला हवं" या प्रश्नाला माझं उत्तर आहे: अडल्यावर जागेवरून न उठणं. बाकी सगळं वाटेत येतं. ओव्हरदवायर या साइटची बँडिट नावाची मोफत मालिका आहे, लिनक्सच्या चार कमांड येत असतील तर आजच सुरू करता येते. एकेक पायरी चढत कमांड चाळीस होतात. तिच्या जोडीला कार्नेगी मेलन विद्यापीठाचं पिकोसीटीएफ घ्या, ते विद्यार्थ्यांसाठीच बनवलेलं आहे आणि जुने प्रश्न कायम उघडे असतात. वेबसाठी ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं दाखवणाऱ्या बर्प सूटची मोफत आवृत्ती, फाइल उलगडायला सायबरशेफ, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा कामापुरती. रिव्हर्सिंगसाठी घिद्रा आहे, पण ते पुढच्या वर्षी. चौघींनी चार विषय वाटून घ्या, मात्र अडलेला प्रश्न एकीने दुसरीला तोंडी समजावून सांगायचा हा नियम करा. समजावता समजावताच निम्म्या वेळा चूक सापडते.

प्रश्न अर्धा तास हलला नाही की लगेच इंटरनेटवर उत्तर शोधू नका, कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारू नका. मी ती साधनं कामात रोज वापरतो आणि त्यांच्या विरोधात नाही. पण पी हळद आणि हो गोरी असा हा प्रकार नाही. शिकताना उत्तर लवकर मिळालं की तो तास वाया जातो, आणि आपल्याला मिळवायचा असतो तो तासच. दोन दिवस झगडा, मग दुसऱ्यांनी लिहिलेली उकल वाचा आणि आपण नेमकं कुठे वळायला हवं होतं ते शोधा. सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाची उकल स्वतः लिहा, चुकलेल्या वाटांसकट. इंग्रजी अडत असेल तर मराठीत लिहा, विचार स्वच्छ हवा. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्याची प्रमाणपत्रं मी शेवटी बघतो, उकली आधी वाचतो. आमच्या धंद्यात भोक शोधणं निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे ते समोरच्याला पटेल असं लिहून देणं.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. स्पर्धेत भोक आहे याची कोणीतरी हमी दिलेली असते. प्रत्यक्ष कामात ती नसते. तीन आठवडे शोधून काहीच न सापडणं हाही आमच्याकडे प्रामाणिक निकाल असतो, आणि काय काय तपासलं याची यादी हाच अहवाल. स्पर्धेत अव्वल आलेली काही मुलं नोकरीत कंटाळतात ती यामुळे. म्हणून स्पर्धा खेळा, पण सगळं आयुष्य त्या फळ्यावर मांडू नका.

आता बाबांचं. त्यांची काळजी रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सांगतं की मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरलं तर भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारने संरक्षित ठरवलेल्या सिस्टिमला हात लावला, नुसता प्रयत्न जरी केला, तरी कलम ७०खाली दहा वर्षांपर्यंत. "मी चांगल्या हेतूने बघत होते" म्हणणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी ढाल लिहिलेली नाही. म्हणजे सगळा फरक परवानगीचा. स्पर्धेत आयोजकांनी स्वतःच्या मशीन हल्ला करायलाच मांडून ठेवलेल्या असतात, काय चालेल आणि काय नाही ते लेखी दिलेलं असतं. कंपन्यांच्या बग बाउंटी, म्हणजे भोक दाखवा आणि बक्षीस घ्या, अशा योजनांतही कुठल्या साइटला हात लावायचा याची हद्द आखून दिलेली असते. त्या हद्दीत राहून बाबांसमोर बसून काम करता येईल. बाहेर पाऊल टाकलं की बाबांचं म्हणणं खरं.

हे मी अंगावर आल्यानंतर शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संस्थेच्या साइटवर माझी पावती बघताना ब्राउझरच्या पट्टीतल्या पत्त्यातला आकडा सहज एकाने वाढवला आणि दुसऱ्याच कोणाची पावती समोर आली, घरच्या पत्त्यासकट, फोन नंबरसकट. तिथेच थांबायला हवं होतं. मी पुरावा म्हणून छोटा प्रोग्राम लिहून दोनशे पावत्या उतरवून घेतल्या आणि मोठ्या अभिमानाने त्यांना कळवलं. उत्तर वकिलाकडून आलं. दोन महिने आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी लेखी माफी देऊन, सगळं पुसल्याचं लिहून देऊन सुटलो. भोक त्यांचं होतं, पण त्या दोनशे माणसांचे पत्ते माझ्या लॅपटॉपवर येण्याचं कारण मी होतो, आणि मला आजही त्याचंच वाईट वाटतं. असं काही चुकून समोर आलं तर पुढचा आकडा टाकून बघायचा नाही. काय दिसलं, कुठे आणि किती वाजता, एवढं लिहून संस्थेला कळवायचं. ऐकून घेणारं कोणी नसेल तर केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा नोंदी घेते. बातमी समाजमाध्यमांवर टाकायची नाही, भोक दुरुस्त होईपर्यंत तर मुळीच नाही.

जमलं तर बाबांनाच एक दिवस सोबत घेऊन जा. तिथे बँकांचे, पोलिसांच्या सायबर विभागाचे, सरकारी खात्यांचे लोक भेटतात. त्यांच्याशी दोन वाक्यं बोलले की माझ्या एवढ्या लिहिण्यापेक्षा जास्त काम होईल.

निघण्याआधी लॅपटॉपची कामं उरकून घ्या. आठ जीबी रॅम चालते. काली लिनक्स (सुरक्षेची साधनं आधीच भरलेलं लिनक्स) व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, बसवून घरूनच चालवून बघा, तिथलं वायफाय शेकडो लोकांत वाटलं जातं आणि चार जीबीची फाइल उतरता उतरत नाही. सगळे अपडेट आदल्या दिवशी. बँकेचं ॲप, घरचे फोटो, साठवलेले पासवर्ड असलेला लॅपटॉप शक्यतो नेऊ नका, नेलात तर बॅकअप घेऊन न्या आणि ब्लूटूथ बंद ठेवा. डेफकॉनला एक 'मेंढरांची भिंत' असते. उघड्या नेटवर्कवरून पासवर्ड पाठवणाऱ्यांचे तपशील अर्धवट झाकून तिथे पडद्यावर लावतात. गोव्यात कोणी ती लावली नाही तरी शेजारी बसलेल्याला ते येत असतंच असं धरून चाला. मोबाइलचं हॉटस्पॉट बरं.

तिथे गेल्यावर सकाळी एक भाषण ऐका आणि सरळ स्पर्धेच्या दालनात जा. कुठल्याही टेबलाशी "आम्ही एका फाइलवर अडकलोय, बघाल का" म्हणा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. फक्त चालू स्पर्धेतला प्रश्न दुसऱ्या संघाला विचारायचा नाही आणि फ्लॅग कोणाला द्यायचा नाही, ते तिथे अक्षम्य मानतात. घरून आणलेला जुना प्रश्न मात्र बिनधास्त काढा. मी पाहिलंय, असा प्रश्न टेबलावर आला की पाच मिनिटांत तीन खुर्च्या सरकतात.

आणि एक्स्टेंशन बोर्ड आठवणीने न्या, लांब वायरचा. त्या दालनांत भिंतीवर प्लग असतात चार आणि लॅपटॉप चाळीस. तुमच्या बोर्डाला ज्याचा चार्जर लागेल तो दिवसभर तुमच्या टेबलाशी बसेल. पीकॅपचा प्रश्न पहिल्यांदा त्यालाच विचारा.